शिट्टी हातात घेतल्यावर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरगावच्या एखाद्या विदुषी येतात, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतात आणि आपण त्या ऐकून आनंदाने घरी जातो. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की, आपल्यापैकीच एकीने आपल्या कामाविषयी बोलावे. त्यांनी माझे नाव यादीत घातले आणि मला नंतर सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. सभेत बोलण्याचा सराव नाही. तेव्हा बोलण्यात काही अधिकउणे झाले तर आपली म्हणून सांभाळून घ्यावे.

माझे काम आपल्याला ठाऊकच आहे. सकाळी चूल आणि घरची माणसे, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी गळ्यात शिट्टी. मंडळाच्या मुलींच्या खो-खोच्या सामन्यांत मी पंच म्हणून उभी राहते. संघटनेची परीक्षा दिलेली मी पंच नव्हे. गल्लीतल्या सामन्यांपुरती पंच. परंतु मैदान लहान असले म्हणून निर्णय सोपा होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. उलट जिथे सगळी ओळखीची माणसे, तिथेच तो जास्त अवघड असतो.

खो-खो हा आपल्या धाराशिवच्या मातीतला खेळ आहे असे म्हटले, तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. आपल्या जिल्ह्याची कन्या सारिका काळे २०१६ साली गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाची कर्णधार होती. त्या संघाने सुवर्णपदक आणले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा आपल्या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत. पुढे २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८ विरुद्ध ४० गुणांनी हरवले. त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्या रात्री आपल्या गल्लीत फटाके वाजले ते आपण सर्वांनी ऐकले.

खेळाडूंचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्या सामन्यात शिट्टी कोणाच्या हातात होती हे आपल्यापैकी कोणाला आठवते का? मलाही आठवत नाही. पंच चांगला असला की त्याचे नाव कोणी घेत नाही, आणि नाव निघाले की समजावे, काहीतरी तंटा झाला आहे. आज मी त्या तंट्यांविषयीच बोलणार आहे.

आपल्यातल्या काही वडीलधाऱ्या बायकांनी हा खेळ लहानपणी खेळला असेल; परंतु तेव्हा अंगणात रेघ ओढली की काम भागत असे. म्हणून मैदान थोडक्यात सांगते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधायला घेतले आणि तेव्हापासून ते वेळोवेळी सुधारत आले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्याला झाली, आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरला बायकांची. म्हणजे या खेळात आपण फार मागे राहिलो नाही. मोठे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. दोन टोकांना दोन खांब. खांबापासून खांबापर्यंत फूटभर रुंदीची मधली पाटी. तिला आठ आडव्या पाट्या छेदतात. जिथे छेदतात त्या आठ चौकोनांत आठ मुली एकीआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात. नववी पाठलाग करते. समोरच्या संघातल्या तीन-तीन मुली पळायला आत येतात.

पाठलाग करणारीने मधली पाटी ओलांडायची नाही, तिच्यावर पाय द्यायचा नाही. ज्या दिशेला खांदा वळवला त्याच दिशेने जायचे, खांब येईपर्यंत उलटे फिरायचे नाही. खो द्यायचा तो बसलेलीच्या पाठीमागून, हात लावून आणि मोठ्याने. पुढे केलेल्या हाताला किंवा पायाला शिवून दिलेला खो चालत नाही. आणि खो मिळण्याआधी बसलेलीने उठायचे नाही. यातले काही मोडले की पंचाने शिट्टी वाजवायची. अशा नियमभंगात पळणारीला शिवले असले तरी ती बाद होत नाही.

ऐकायला सोपे वाटते. पण हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते.

मैदानावर दोन पंच असतात. मधल्या पाटीने मैदानाचे दोन भाग होतात, एकेका पंचाकडे एकेक भाग. आपल्या भागातला निर्णय आपण द्यायचा आणि दुसऱ्या भागात सोबतीच्या पंचाला मदत करायची. दोघींचे मत जुळले नाही तर सरपंचाने शेवटचा शब्द द्यायचा. शिवाय वेळ पाहणारी एक आणि गुण लिहिणारी एक. आपल्या गावगाड्यातले पंच आणि सरपंच हे शब्द या खेळाने उगीच घेतले नाहीत, असे मला वाटते. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, ते मैदानालाही लागू आहे.

माझे माहेर लोहारा तालुक्यातले. मी सातवी पास झाले आणि त्याच वर्षी, १९९३ च्या ३० सप्टेंबरला, भूकंप झाला. पुढची शाळा राहिली ती राहिलीच. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. तिथे आम्हा मुलींजवळ ना दोरी होती, ना चेंडू. दोन मेढी पुरल्या, राखेने रेघ ओढली आणि खो-खो सुरू केला. भांडण झाले की एक म्हातारी आजी सोडवायची. तिला खेळातले काही कळत नसे, पण ती दोन्हीकडच्यांना विचारायची, ‘तू सोता बघितलंस का?’ बघितले नसेल त्या पोरीला ती गप्प बसवायची. पंचगिरीचा पहिला धडा मला तिथे मिळाला असे म्हणायला हरकत नाही.

लग्नानंतर खेळ सुटला. २०१८ साली आपल्या मंडळाने मुलींचे सामने घ्यायचे ठरवले, तेव्हा एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी आम्हा तिघी-चौघींना महिनाभर संध्याकाळी शिकवले. त्यांची शिकवण मी तीन गोष्टींत सांगते.

पहिली गोष्ट जागेची. पंचाने एका ठिकाणी खिळून उभे राहू नये. हद्दीबाहेरच्या मोकळ्या जागेतून पाठलाग करणारीच्या बरोबरीने सरकावे आणि पळणारी मुलगी खांबाकडे वळली की तिच्या आधी आपण खांबाच्या रोखाने पोचावे. अर्धे तंटे पंच लांब उभा असल्यामुळे होतात. वीस पावलांवरून दिलेला निर्णय बरोबर असला तरी लोकांना पटत नाही. तोच तीन पावलांवरून दिला तर मुली मुकाट्याने मानतात.

दुसरी गोष्ट डोळा आणि कान यांची. सर म्हणत, डोळा पायांवर ठेवा, हात आपोआप दिसतो, आणि खो कानाने धरा. हे जमायला मला फार दिवस लागले. बघणाऱ्यांचे डोळे नेहमी हातावर असतात, कारण शिवणे हाताने होते. पण नियम मोडतो तो बहुधा पाय. म्हणून बघणाऱ्यांना आणि पंचाला एकाच क्षणी दोन निराळ्या गोष्टी दिसतात. दोघेही खोटे बोलत नसतात. ही गोष्ट आपण लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

तिसरी गोष्ट शिट्टीची. वाजवायची तर त्याच क्षणी वाजवावी. मनात ‘वाजवू की नको’ असे दोनदा आले की तो क्षण गेला. मग वाजवली तर ती शिट्टी नियमाची राहत नाही, गर्दीच्या आरड्याओरड्याची होते.

आता अवघड प्रसंगांकडे वळते.

एक प्रसंग खोचा. सामना रंगला की बाहेर बसलेली पोरे आपली आपणच ‘खो!’ म्हणून ओरडतात. बसलेली मुलगी तो आवाज ऐकून उठते. तिचा त्यात दोष नसतो, परंतु खो मिळण्याआधी ती उठली हेही खरे. अशा वेळी दया दाखवावी का? मी दाखवत नाही. कारण समोर पळणारी मुलगीही बसलेल्यांकडे पाहूनच आपली वाट ठरवते. तिची फसगत झालेली असते. एकीवर दया केली की दुसरीवर अन्याय होतो. मात्र खेळ थांबला की मी बाहेरच्या पोरांना उठवून दहा पावले मागे बसवते. शिट्टीने जे सुटत नाही ते कधीकधी सतरंजी मागे सरकवून सुटते.

दुसरा प्रसंग शिवण्याचा. बोट पाठीला लागले की अर्ध्या बोटाचे अंतर राहिले? पाठलाग करणारी म्हणते शिवले, पळणारी म्हणते नाही. माझा नियम असा की, मला स्पर्श दिसला तर बाद, दिसला नाही तर बाद नाही. ‘लागलेच असेल’, ‘इतक्या जवळून कसे लागणार नाही’ असल्या अंदाजावर कोणाला बाहेर काढायचे नाही. यात कधी एखादी खरोखर शिवलेली मुलगी वाचत असेल. वाचू दे. न शिवलेलीला बाहेर काढण्यापेक्षा ते बरे. कधी कधी मुलगी स्वतःच हात वर करून बाहेर येते. अशा मुलीचे नाव मी सामन्यानंतर सर्वांसमोर घेते. पण एखादी तसे आली नाही म्हणून तिला लबाड म्हणत नाही. जोरात पळताना अंगाला काय लागले ते तिलाही नेहमी कळत नाही.

तिसरा प्रसंग फार नाजूक आहे, आणि त्यात शहाणी माणसेही फसतात. समजा, एका संघाविरुद्ध मी निर्णय दिला. तो संघ रुसला, गल्ली कुजबुजू लागली. दहा मिनिटांनी तोच संघ एका कड्याकुड्याच्या प्रसंगात सापडला. तेव्हा सतरंजीवरून आवाज येतो, ‘आता एक यांना पण द्या की! समान होऊ द्या.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. घरात दोन मुलांना आपण तसेच करतो. काल थोरल्याला लाडू जास्त गेला, आज धाकट्याला. परंतु मैदानावरचा गुण म्हणजे आपल्या डब्यातला लाडू नव्हे. तो मुलींनी कमावलेला असतो. आधीचा निर्णय बरोबर असेल तर त्याची भरपाई कशाची करायची? आणि चुकीचा असता तरी दुसऱ्या चुकीने तो बरोबर होत नाही. एकाच्या जागी दोन अन्याय होतात. म्हणून प्रत्येक खो नवा, प्रत्येक शिट्टी नवी. मागचे गुण मी पाहत नाही. गुणफलकाकडे पाठ करून उभे राहण्याची मी सवयच लावून घेतली आहे.

आता जी गोष्ट सांगते ती आपल्यापैकी पुष्कळ जणींना माहीत आहे. कित्येकींनी माझ्या पाठीमागे तिची चर्चाही केली असेल. म्हणून ती माझ्याच तोंडून एकदा ऐका.

२०२३ सालचा नवरात्रातला अंतिम सामना. वरची गल्ली आणि खालची गल्ली. खालच्या गल्लीकडून माझ्या नणंदेची मुलगी, म्हणजे माझी भाची, खेळत होती. नाणेफेकीच्या आधी मी दोन्ही कर्णधार मुलींना आणि सरपंच म्हणून बसलेल्या सरांना स्पष्ट सांगितले की, ही माझी भाची आहे. कोणाची हरकत असेल तर मी शिट्टी खाली ठेवते. हरकत कोणी घेतली नाही. दुसरी शिकलेली बाई त्या दिवशी हजरही नव्हती.

शेवटची पाळी खालच्या गल्लीच्या पाठलागाची होती. ती एका गुणाने मागे होती आणि काही सेकंद उरले होते. भाचीला खो मिळाला. ती उठली ती बाणासारखी खांबाकडे निघाली. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालत होती. भाचीने एका हाताने खांब धरून सूर मारला आणि दुसऱ्या हाताने तिच्या पाठीला शिवले. ते शिवणे इतके देखणे होते की सगळी गल्ली उभी राहिली. परंतु सूर मारण्याआधीच्या शेवटच्या पावलाला, खांब यायच्या आत, तिचा डावा पाय मधल्या पाटीवर पडला. मी तीन पावलांवर होते. माझी शिट्टी तिचा हात पोचण्याच्या आत वाजली. पळणारी बाद झाली नाही. वेळ संपली. खालची गल्ली एका गुणाने हरली.

पुढे जो गोंधळ झाला तो सांगत नाही. सरांनी माझ्या सोबतीच्या पंचाला विचारले. ती म्हणाली, ‘तो भाग माझा नव्हता, बसलेल्या मुलींच्या आड होता, मला पाय दिसला नाही.’ आम्हा दोघींत मतभेद नव्हता, म्हणून निर्णय कायम राहिला. कोणी म्हणाले, फक्की पुसली आहे का बघा. मी म्हटले, बघू नका. सामन्याच्या अखेरीस मधली पाटी दहा ठिकाणी पुसलेली असते. त्या खुणेवरून कोणाचाच न्याय होणार नाही.

मग एका मुलाने मोबाईलवर काढलेले चित्रण दाखवले. ते त्याच रात्री घरोघर पोचले. त्यात भाचीचा हात स्वच्छ दिसतो. पाय दिसत नाही, कारण मध्ये बसलेल्या मुली आहेत. म्हणजे हात साऱ्या गावाने पाहिला आणि पाय मी एकटीने. भगिनींनो, पंचाच्या वाट्याला याहून अवघड प्रसंग येत नसावा. आपण जे पाहिले त्याला दुसरा साक्षीदार नाही, आणि आपल्याविरुद्ध जे दिसते ते खोटेही नाही.

घरी आल्यावर यांनी एवढेच विचारले, ‘एक गुण दिला असतास तर काय बिघडलं असतं? बरोबरी झाली असती, पुन्हा खेळल्या असत्या.’ मी म्हटले, बरोबरी झाली असती, पण त्या पळणाऱ्या मुलीचे काय? तिची आई लोकांच्या घरी कामाला जाते. त्या संध्याकाळीही ती कामावरच होती. साऱ्या मैदानात त्या पोरीच्या बाजूने ओरडणारे तिचे म्हणावे असे एक माणूस नव्हते. भाचीच्या बाजूला आई होती, मावश्या होत्या, मामाही होते. ज्याच्यामागे कोणी नाही त्याच्यासाठीच तर मधली पाटी फक्कीने आखायची असते. नाहीतर मागे ज्याची माणसे जास्त, त्याचाच गुण, असे ठरवून मोकळे व्हावे.

यावर हे काही बोलले नाहीत. वन्सं मात्र बोलायच्या बंद झाल्या.

दिवाळीला मी नेहमीप्रमाणे फराळाचा डबा पाठवला. चार दिवसांनी तो परत आला. स्वच्छ घासलेला आणि रिकामा. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसले तर साखरेची चिमूट तरी घालतात. तो डबा फळीवर ठेवताना मला काय वाटले ते आपण बायका आहात, आपल्याला सांगायला नको. बावीस वर्षांचे आमचे नाते. माझ्या दोन्ही बाळंतपणांत वन्संनीच माझे केले होते.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्या दारी गेले. त्यांनी तो घेतला. मग म्हणाल्या, ‘तुला दिसलंच कसं गं? तेवढ्या पोरींत एक पाय तुलाच बरा दिसला!’ मी म्हटले, ‘वन्सं, दिसला म्हणूनच शिट्टी वाजवली. दिसला नसता तर मला आनंदच झाला असता.’ त्यावर त्या आत निघून गेल्या. पुढे उन्हाळ्यात घरात कार्य निघाले आणि कामाच्या निमित्ताने बोलणे सुरू झाले. आज आमचे जाणे-येणे आहे, डबेही भरून येतात. पण ती गोष्ट आमच्यात अजून निघत नाही, आणि निघू नये असेच दोघींना वाटते.

कित्येकींनी मला सुचवले की, भाचीलाच विचार, ती खरे सांगेल. मी विचारले नाही, विचारणारही नाही. त्या पोरीला आईच्या विरुद्ध किंवा मामीच्या विरुद्ध साक्षीला उभे करणे हे पंचाचे काम नव्हे. निर्णय माझा होता, त्याचे ओझेही मीच उचलले पाहिजे. ती अजून खेळते आहे. आता सूर मारण्याआधीचे तिचे पाऊल मधल्या पाटीपासून वीतभर लांब पडते, एवढेच मी पाहते. ते सरावाने असेल किंवा आणखी कशाने.

या प्रसंगानंतर मंडळाने दोन गोष्टी ठरवल्या, त्या सर्वांच्या माहितीसाठी सांगते. पहिली अशी की, ज्या सामन्यात नात्यातली मुलगी असेल त्यात त्या बाईने शक्यतो पंच होऊ नये. दुसऱ्या गल्लीची पंच बोलवावी. ते शक्यच नसेल तर नाते आधी सर्वांसमोर उघड सांगावे. आणि दुसरी अशी की, निर्णयाविषयी विचारायचे ते संघाच्या कर्णधाराने, खेळ थांबल्यावर, नम्रपणे. आई, मावशी, आजी यांनी हद्दीच्या आत यायचे नाही. हा नियम मलाही लागू आहे. माझी मुलगी खेळते तेव्हा मी सतरंजीवर बसते आणि तोंडावर पदर धरते.

जाता जाता पंचाच्या बोलण्याविषयी चार शब्द. निर्णय कडक असला तरी शब्द कडक नसावा. ‘तू लबाडी करतेस’ असे मी कधीही म्हणत नाही. ‘पाय मधल्या पाटीला लागला’ एवढेच म्हणते. पहिल्या वाक्यात माणसाला दोष आहे, दुसऱ्यात घडलेली गोष्ट आहे. मुलगी चौदा वर्षांची असते. आपण तिला चारचौघांत लबाड म्हटले तर ती ते जन्मभर विसरत नाही. आणि निर्णय एकदा सांगितला की पुन्हा पुन्हा सांगत बसू नये. फार समजावत बसले की ऐकणाऱ्याला वाटते, हिला स्वतःलाच खात्री नाही.

घरात आपण सगळ्याच जणी पंच असतो. सासू-सुनेत, जावा-जावांत, मुलांच्या भांडणात रोज कोणीतरी आपल्याकडे निवाडा मागते. तिथे माया पाहावी लागते, वेळ पाहावी लागते, कधी न बोलणेच बरे असते. मैदानाचा कायदा मी स्वयंपाकघरात आणा असे म्हणत नाही. पण एक गोष्ट तिथूनही आणण्यासारखी आहे. जे आपण पाहिले नाही ते पाहिल्यासारखे सांगू नये. आणि जे पाहिले ते, आपल्या माणसाला टोचते म्हणून, गिळून टाकू नये. आपल्या गल्लीतली निम्मी भांडणे एवढ्यानेच मिटतील, असा माझा समज आहे.

शेवटी एक विनंती. आज आपल्या मंडळात मैदानावर उभ्या राहू शकतील अशा आम्ही दोघीच उरलो आहोत. एक जण बदलीने गेली, एकीला गुडघे साथ देत नाहीत. निदान पाच जणी तयार झाल्या तर नात्यातल्या सामन्याला दुसरी उभी करता येईल आणि कोणाच्या घरचा डबा रिकामा परत येणार नाही. शिक्षण किती झाले हा प्रश्न नाही. नियमांची चोपडी मराठीत आहे आणि सातवीच्या मराठीला ती समजते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मी मैदानावर असते. एक जादा शिट्टी मी घेऊन ठेवली आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी यावे. लोक बोलतील, त्याची तयारी ठेवून यावे.